उस्मानभाईंची झाळ

उस्मानभाईंची आणि माझी ओळख एका गळक्या बंबाने करून दिली. नागपूरकडून बदलून मी आरमोरीच्या शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून आलो, तेव्हा आमच्या सामानात सासऱ्यांनी लग्नात दिलेला तांब्याचा बंब होता. वडशाहून बैलगाडीने येताना तो कुठेतरी आपटला आणि गळू लागला. बाजाराच्या वाटेवर एक मिस्त्री बसतात असे कोणीतरी सांगितले, म्हणून बंब घेऊन गेलो. दुकान म्हणजे एक भाता, एक ऐरण आणि भिंतीला टांगलेले दुरुस्तीचे कंदील. मध्ये उंच, सडसडीत बांध्याचे, दाढी पिकू लागलेले गृहस्थ चष्मा कपाळावर सारून बसले होते. मी गेल्या गेल्या बंबावर बोट ठेवून सांगितले, इथून गळतो, इथे डाग लावा. नवा पदवीधर होतो, दुसऱ्याला सांगण्याची खोड होती. ती अजून गेलेली नाही.

उस्मानभाईंनी वाद घातला नाही. बादलीभर पाणी बंबात ओतले आणि मला बसायला पाट दिला.

"थांबा जी मास्तर. पानी सांगन."

पाण्याने सांगितले. मी बोट ठेवले होते ती जागा कोरडी ठणठणीत होती. गळती चार बोटे खाली, नळीच्या जोडापाशी होती. मी ओशाळलो. ते मात्र हसले नाहीत. "माणसाची नजर चुकते, पानी चुकत नाई," एवढेच म्हणाले आणि कामाला लागले. पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले, की वर्गात मुलांना सांगताना ते माझेच असल्यासारखे सांगू लागलो.

शेख उस्मान मिस्त्री यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे असे समितीचे पत्र मला आले. पत्राच्या तळाशी एक सूचना होती: 'तान्ह्या पोळ्याच्या त्या दुर्दैवी प्रसंगाचा उल्लेख शक्यतो टाळावा.' समितीचा हेतू चांगला आहे. सत्काराच्या दिवशी कोणी माणसाचे अपयश काढू नये, हे मलाही कळते. पण त्या प्रसंगातले खरे काय ते गेल्या महिन्यापर्यंत या गावात फक्त तीन माणसांना ठाऊक होते. एक उस्मानभाई, दुसऱ्या त्यांच्या पत्नी हलीमाभाभी, आणि तिसरा मी. त्या दोघांनी सात वर्षे तोंड उघडलेले नाही. तेव्हा समितीची क्षमा मागून मी फक्त त्या प्रसंगाबद्दलच लिहिणार आहे. बाकी गुण सांगायला इतर मंडळी समर्थ आहेत.

आरमोरीला येण्यापूर्वी उस्मानभाई वीस वर्षे जंगलातल्या एका आरागिरणीत होते. तिथले वाफेचे इंजिन त्यांच्या हाती असे. गिरणी बंद झाली, इंजिन भंगारात गेले, तेव्हा त्याचे दाब दाखवणारे घड्याळ तेवढे त्यांनी मागून आणले. शंभरापर्यंत आकडे असलेले ते पितळी घड्याळ दुकानात खिळ्याला टांगलेले असे. कोणी वेळ विचारायला आला की उस्मानभाई त्याकडे पाहून गंभीरपणे म्हणत, "शून्य वाजले जी." आरमोरीतल्या निम्म्या लोकांना यातली गंमत कळली नाही, आणि ती कळावी असा उस्मानभाईंचा आग्रहही नसे.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी वर्गात विचारले, आगगाडी कोणी पाहिली आहे? चाळिसांपैकी तिघांचे हात वर झाले. त्यातल्या एकाने फक्त शिट्टी ऐकली होती, तीही वडशाला मामाच्या घरात तापाने पडलेला असताना. मी फळ्यावर बॉयलर काढला, आत आग, वर पाणी, नळ्या, वाफ, सगळे बाण काढून दाखवले. मुलांनी ते इमानाने उतरवून घेतले आणि कोणाच्याही डोक्यात काही शिरले नाही. संध्याकाळी मी दुकानात बसून ही रड सांगत होतो. उस्मानभाई कंदिलाची काच पुसत होते.

"चित्र कायले दाखवता मास्तर? चालवून दाखवू."

"काय चालवून?"

"इंजन. लहानसं. पोरायच्या कमरेइतकं. आग खाइन, पानी पिइन, आन चालन."

अशी सुरुवात झाली. दर रविवारी सकाळी मी दुकानात हजर व्हायचो. चाके, दांडे, सिलिंडर ही कामे त्यांनी गिरणीच्या भंगारातून आणि स्वतःच्या डोक्यातून पुरी केली. त्यांचा जीव अडकला होता तो बॉयलरमध्ये. ते म्हणत, बाकी सारे हातपाय आहेत, काळीज हे आहे. त्याला जाड, निर्मळ तांबे हवे होते, आणि आरमोरीत तसे तांबे एकाच ठिकाणी होते. आमच्या न्हाणीघरात.

मी बंब उचलला तेव्हा सौ. दारात उभी होती. "बंब नेता तर न्या," ती म्हणाली, "पण उद्यापासून आंघोळ इंजिनात करायची असेल तर तसं सांगा." बंब कापताना उस्मानभाईंनी मला तिचे नाव घेऊन माफी मागायला लावली. मी मागितली. ते थट्टेने म्हणत आहेत की मनापासून, हे मला तेव्हा कळले नाही.

बॉयलर बांधणे म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचले होते. उस्मानभाईंच्या हाताखाली पाहिले तेव्हा कळले की पुस्तकात त्याची फक्त नावे असतात. पत्रा गोल वळवून त्याचे पिंप करायचे. दोन्ही टोकांना झाकणे, आणि झाकणांच्या कडा धावड्याच्या लाकडी साच्यावर ठोकून वळवायच्या. आतून आरपार नळ्या, ज्यांतून आगीची धग जाते. झाकणे दाबाने बाहेर फेकली जाऊ नयेत म्हणून आत तांब्याचे गज. आणि प्रत्येक जोडात टाकणखार टाकून वितळलेले पितळ भरायचे, ही पक्की झाळ. कल्हईवाल्याची कथलाची झाळ आगीपाशी टिकत नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते.

तांबे ठोकू लागले की ते कडक होत जाते. म्हणून दर थोड्या वेळाने ते लाल करून पाण्यात बुडवायचे, म्हणजे पुन्हा मऊ होते. लोखंडाच्या अगदी उलट. हे मला वर्गात शिकवता येत होते. पण एका रविवारी उस्मानभाई नमाजाला गेले असताना, तेवढ्यात काम पुढे ढकलावे म्हणून मी झाकणाची कड न तापवता दणादण ठोकत राहिलो. कड तडकली. महिन्याभराची मेहनत गेली. नेमके त्याच वेळी आमचे हेडमास्तर काम पाहायला आले आणि तडा पाहून त्यांनी विचारले, हे कोणी केले? मी उत्तर जुळवत होतो, तोवर उस्मानभाई मागून आले.

"पत्राच थकला होता साहेब. जुना बंब हाय ना."

हेडमास्तर गेल्यावर मी काही बोलणार, तर ते भात्याशी बसलेसुद्धा. पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार नाही. दुसऱ्याची चूक वस्तूवर ढकलून द्यायची ही त्यांची जुनी सवय. गिरणीतली माणसेही तेच सांगतात. तेव्हा मला तिचे फार कौतुक वाटले. माझ्यासारख्या माणसाला ती सवय किती सोयीची पडेल, हे कळायला वेळ लागला.

पावसाळा लागला तेव्हा बॉयलर तयार झाला. वाफेच्या नळीचे जोड बसवताना उस्मानभाई एका डब्यात शेंदूर आणि जवसाचे तेल कालवत होते. मी थट्टा केली, "उस्मानभाई, शेवटी तुमच्या हातूनही शेंदूर लागलाच!" ते हसले. म्हणाले, "हे फिटरचं औषध आहे मास्तर. जोडाले लावलं आन दोन दिवस वाळलं, का मंग घन मारा, सुटत नाई." मी ऐकले. जवसाचे तेल हवेने घट्ट होते आणि शेंदराने ते अधिकच लवकर घट्ट होते, हे मी लगेच रसायनशास्त्राच्या भाषेत त्यांना समजावूनही सांगितले. म्हणजे मला माहीत नव्हते, असे म्हणायची सोय मी स्वतःच ठेवली नाही.

इंजिन तान्ह्या पोळ्याला चालवायचे ठरले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुले आपापले लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत मिरवायला आणतात. त्या मिरवणुकीपुढे आमचे इंजिन एका डब्यात सर्वांत सुंदर नंदीबैल बसवून ओढणार, अशी योजना होती. शाळेच्या पटांगणात लाकडी पट्ट्यांचा रूळ टाकला. शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब यायचे होते. चांद्याला मुलांना धातुकाम शिकवायचा नवा वर्ग निघणार होता. त्यासाठी हाताने काम जाणणारा माणूस ते शोधत होते आणि उस्मानभाईंचे नाव हेडमास्तरांनी त्यांना कळवले होते. उस्मानभाईंनी मला एकदाच विचारले होते, "मास्तर, वर्ग म्हंजे फळा बी असते का जी?" मी म्हटले, असतो. तेव्हापासून ते माझ्याकडून अक्षरे घटवून घेत होते. त्यांना त्या वर्गावर जायचे होते. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे मला दिसले, ते तेवढेच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी बॉयलरमध्ये काठोकाठ पाणी भरले आणि हातपंपाने दाबले. गिरणीचे ते घड्याळ आता इंजिनावर बसले होते. इंजिन चालायचे चाळिसावर. उस्मानभाईंनी काटा ऐंशीवर नेऊन अर्धा तास धरला. एक थेंब बाहेर आला नाही. मग त्यांनी वरच्या पितळी घुमटातली सेफ्टी वाल्व्हची झडप, जिचा दांडा घुमटाच्या माथ्यातून वर आला होता, चाळिसावर लावली. दाब त्याच्या पुढे गेला की ही झडप आपोआप उघडते आणि जास्तीची वाफ सोडून देते.

"इले आता कोनी हात लावाचा नाई," ते मला म्हणाले. "हे हिचं नाक आहे. नाक बंद झालं तं जीव जाते."

त्या संध्याकाळी गावात खांदशेकणी होती. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून पळसाच्या पानांनी शेकायचे आणि कानात सांगायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी शाळेत इंजिनावरून फडके फिरवत होतो. उस्मानभाई घरी गेले होते. पाचसात मुले पळसाची पाने घेऊन दाराशी आली.

"गुर्जी, इंजनाले आवतन नाई का जी?"

आता सांगतो. मला ते फार आवडले. वर्षभर ज्या मुलांना मी आगगाडी समजावू शकलो नव्हतो, ती आज तिला आपल्या गोठ्यातली समजून आवतन द्यायला आली होती. आम्ही सिलिंडरांना खांदे मानून हळद-लोणी लावले. धुराड्याच्या कानात आवतन दिले. मग मुलांनी वरच्या घुमटाकडे बोट दाखवले. तो गोल, गुळगुळीत घुमट आमच्या वेशीवरच्या मारुतीसारखा दिसत होता, यात त्यांची चूक नाही. शेंदूर शोधायला लांब जावे लागले नाही. उस्मानभाईंचा डबा फळीवर होता, तेलात कालवलेला, तयार. मी बोटे बुडवून घुमटाला चांगला दाट लेप दिला. डोक्यावर जास्त, कारण देवाला तसाच देतात. मुले नाचली. मीही त्यांच्यात होतो.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी लवकर शाळेत गेलो. साहेब यायचे आहेत आणि विज्ञानशिक्षकाच्या इंजिनाला शेंदूर फासलेला आहे, याची मला एकदम लाज वाटली. मी फडक्याने घुमट घासून लखलखीत केला. तेल आणि शेंदूर दांड्याच्या कडेने आत झिरपून झडपेच्या बैठकीवर दोन दिवस वाळत पडला आहे, हे माझ्या मनातही आले नाही. वरून स्वच्छ दिसले की माझे समाधान होते. तसा माझा स्वभावच आहे.

पटांगण भरले होते. उस्मानभाई धुतलेला सदरा घालून आले. त्यांनी कोळसा पेटवला, आणि आगीला वारा घालण्याआधी इंजिनाभोवती एक फेरी मारली. झडपेपाशी थांबले. दांडा वर उचलून पाहायला हात पुढे केला. साहेब घड्याळाकडे पाहत होते. मी घाईने म्हणालो, "परवाच तर पाहिलं तुम्ही. साहेबांना पुढे जायचंय."

त्यांनी हात मागे घेतला. पण माझ्याकडे पाहून विचारलेच.

"वाल्व्हले कोनी हात तं नाई लावला मास्तर?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि वारा घालायला सुरुवात केली.

काटा चाळिसावर आला. झडप उघडायला हवी होती, ती उघडली नाही. पन्नास झाले. उस्मानभाईंनी पान्ह्याच्या दांड्याने घुमटावर टकटक केले. साठ. त्यांनी शिट्टीची साखळी ओढली आणि शिट्टी अशी कडाडली, की सारे पटांगण टाळ्या वाजवू लागले. मुलांना वाटले, मजा सुरू झाली. शिट्टीतून जात होती त्याहून जास्त वाफ आत तयार होत होती, हे फक्त त्यांना दिसत होते. त्यांनी नेहमीच्या आवाजात मला सांगितले, "पोरायले मांगं घ्या. सायबाले बी."

"इंजिन सोडा!" मी ओरडलो. "सोडून द्या ते, वाफ जाईल!"

ते खरे होते. इंजिन चालू करायची कळ उघडली असती तर सिलिंडरांतून वाफ मोकळी झाली असती. पण इंजिन भरधाव सुटले असते, आणि रुळाच्या दुसऱ्या टोकाला लाकडी बैल मांडून मुले बसली होती. ती उठेपर्यंत उस्मानभाईंनी कळीला हात लावला नाही. गुडघे टेकून त्यांनी खालचा निखाऱ्यांचा तवा चिमट्याने ओढायला घेतला. चिमटा सटकला. मग त्यांनी तो हाताने ओढला. निखारे मातीत पडले, तेव्हा काटा शंभराच्या पलीकडे, त्याला अडवणाऱ्या खिळ्याला टेकला होता. त्याच क्षणी पुढच्या झाकणाची झाळ सुटली आणि सगळी वाफ त्यांच्या उजव्या हातावर आली.

एकाही मुलाला ओरखडा उमटला नाही. इंजिन जागचे हलले नव्हते.

उस्मानभाईंचा हात बादलीत होता. साहेबांनी विचारले, काय झाले? उस्मानभाईंनी आधी घुमटाकडे पाहिले. टकटक केल्याने तिथे कडेला लाल रेघ उघडी पडली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मग साहेबांकडे.

"झाळ माही कच्ची निघाली जी."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी उघडले नाही.

चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसले होते, हात फडक्यात गुंडाळलेला. शेजारी पाटावर झडप उघडून ठेवली होती. एका हाताने उघडली असणार. आत लाल, दगडासारखी खपली.

"शेंदूर देवाले चांगला मास्तर," ते म्हणाले. "नाकाले नाई."

मी म्हणालो, मी साहेबांना पत्र लिहितो. खरे सांगतो.

"कायले? पोरं तुमचं आयकतात. मास्तर खोटं बोलला म्हनून समजलं, तं मंग तुमी फळ्यावर लिवसान ते बी खोटं वाटन त्याईले. माहं काय, मी हातानं काम करनारा मानूस." मग ते म्हणाले, "आन शेंदराचं नाव माह्या तोंडून निघालं तं लोक दुसरंच आयकतीन. राहू द्या."

चहा घेऊन आलेल्या हलीमाभाभी हे सारे उभ्याने ऐकत होत्या. पेला माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "मास्तरभाऊ, हे नाई सांगत. मी बी नाई सांगत. तुमीच सांगसान कवातरी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

पत्र मी लिहिले नाही. आधी म्हटले, त्यांचा हात बरा होऊ दे. मग चांद्याच्या वर्गावर दुसरे कोणी नेमले गेले, तेव्हा म्हटले, आता लिहून काय उपयोग. हात बरा झाला, पण तीन बोटे पुरी मिटत नाहीत. गावातल्या भातगिरणीला नवे इंजिन आले तेव्हा मालकांनी बाहेरचा फिटर बोलावला. आरमोरीत एक म्हणच पडून गेली. कोणाचा शब्द भरवशाचा नसला, की लोक म्हणतात, 'उस्मानची झाळ हाय, पोळ्यापर्यंत टिकन का?' एकदा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी ती म्हटली. सगळे हसले. मीही हसलो. या लेखात मी जे जे कबूल करतो आहे, त्यात हे हसणे मला सर्वांत जड जाते.

आणि उस्मानभाईंनी काय केले? दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ते एका बैलगाडीतून आमच्या दारी उतरले. गाडीत नवा बंब होता. न मिटणाऱ्या बोटांनी, बराचसा डाव्या हाताने, वर्षभर थोडा थोडा करून त्यांनी तो बांधला होता. सौ. ला म्हणाले, "वैनी, तुमचा बंब आमी खाल्ला होता. हा घ्या." मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

त्या बंबाच्या पाण्याने मी रोज सकाळी आंघोळ करतो. गेली सहा वर्षे रोज त्यात आग पेटते, आणि त्याच्या एकाही जोडातून थेंब गळलेला नाही. गावात 'उस्मानची झाळ' म्हटले जाते आणि माझ्या न्हाणीघरात ती झाळ रोज माझ्यासमोर उभी असते. सौ. ला मी गेल्या महिन्यात सारे सांगितले. ती बंबाकडे पाहून म्हणाली, "मग आजवर तुम्ही यातल्या पाण्याने धुतलंत तरी काय?"

म्हणून, वाचकहो, स्पष्ट लिहितो. तान्ह्या पोळ्याला जो बॉयलर फुटला त्याची झाळ कच्ची नव्हती. चाळिसासाठी बांधलेली, ऐंशीला पाण्याने तपासलेली ती झाळ शंभराच्या पलीकडे गेल्यावर सुटली, आणि तिथवर ती मी नेली. झडप मी बुजवली. विचारले तेव्हा खोटे मी बोललो. चांद्याच्या त्या वर्गावर फळ्यापुढे उभे राहायचा ज्यांचा हक्क होता, त्यांना मी या दुकानात कंदील पुसत बसवले. माझ्या विद्यार्थ्यांनी हे वाचावे. त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला तरी हरकत नाही, पण यापुढे ती म्हण कोणी उच्चारू नये.

हा लेख समितीकडे देण्याआधी मी उस्मानभाईंना वाचून दाखवला. न विचारता त्यांच्याबद्दल काही करायचे नाही, एवढे तरी मी शिकलो आहे. ते डोळे मिटून ऐकत होते. हलीमाभाभी दाराआड उभ्या होत्या. वाचून झाले तेव्हा आतून पेल्यांचा आवाज आला. चहा टाकला होता.

"चांगलं लिवलं मास्तर," उस्मानभाई म्हणाले. "पन एक चूक हाय."

"कोणती?"

"शंभरावर बी सुटाले नाई पायजे होती. पुढच्या झाकनाची झाळ जराशी कमीच होती. मले मालूम आहे."

त्यांच्या आग्रहाखातर हे वाक्य मी छापायला देत आहे. मला ते मान्य नाही.

फुटका बॉयलर शाळेच्या कपाटात सात वर्षे पडून होता. तो आता त्यांच्या दुकानात आहे. त्यांचा हात चालत नाही म्हणून हातोडा माझ्याकडे आणि जीभ त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली आहे. पुढचे झाकण मी दोनदा बिघडवले, आणि दोन्ही वेळा त्यांनी पत्र्याला दोष दिला. यंदा तान्ह्या पोळ्याला ते इंजिन पुन्हा रुळावर येईल. आवतनही द्यायचे आहे, मुले ऐकणार नाहीत, पण हळद-लोण्यावर भागवायचे ठरले आहे.

उस्मानभाईंना उदंड आयुष्य लाभो, डोळे आणि दम शाबूत राहोत, आणि हाताची ती तीन बोटे थोडी तरी मिटू लागोत, ही माझी मनापासूनची प्रार्थना आहे. तीत थोडा स्वार्थही आहे. दरवर्षी आग पेटवण्याआधी त्यांनी इंजिनाभोवती फेरी मारावी, झडपेपाशी थांबावे आणि साऱ्या पटांगणासमोर मला विचारावे, "वाल्व्हले कोनी हात तं नाई लावला मास्तर?" मी उत्तर देईन. पण माझ्या उत्तरावर न थांबता त्यांनी दांडा स्वतःच्या हाताने उचलून पाहावा.